तिसऱ्यांदा उसवलेला ब्लाऊज

वाचक : ९

"सुवे, हे टोक धर. ताणून धर गं, जीव नसल्यासारखी काय धरतेस?"

मी ब्लाऊजचं टोक ताणून धरलं. आईने ब्लेडचा अर्धा तुकडा शिवणीत सरकवला आणि एकेक टाका कापत गेली. दुपारचा एक वाजला होता. खिडकीतलं मशीन तिने दोन महिन्यांपूर्वीच उचलून थेट उंबऱ्याशी आणलं होतं. घरात येणारा प्रत्येक जण मशीनला वळसा घालून, पायडलला ठेचकाळून आत यायचा.

"पुन्हा ऊर्मीचाच?"

"हं."

"परवा तर दिलास."

"काखेत धरतोय म्हणे. सोडते अर्धं अर्धं बोट दोन्हीकडे."

"तिसऱ्यांदा?"

आईने टाचणी ओठांत धरली. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती टाचणी ओठांत धरायची. शिंपिणीला ही एक सोय असते.

ऊर्मी म्हणजे ऊर्मी कारखानीस. २०१० साली रोज संध्याकाळी साडेसातला ती महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत रडत असायची. त्या मालिकेचं शूटिंग आमच्या वाईत, नदीपलीकडच्या एका बंगल्यात चालायचं. मुंबईहून शिवून आलेले ब्लाऊज तिला नीट बसेनात, आईने शिवलेला पहिलाच बसला. तेव्हापासून कपडेपट सांभाळणारे दिलीपदादा दर आठवड्याला कापड घेऊन आमच्याकडे येत. आईच्या मापाच्या वहीत ऊर्मीला स्वतंत्र पान होतं. ती वही आई कुणाला दाखवत नसे, मलाही नाही. गल्ल्यातले पैसे उघडे टाकून ती बाजारात जाई, वही मात्र कपाटात कुलूप लावून.

आणि नऊ वाचक म्हणजे माझे. मी सव्वीस वर्षांची होते, हेमंतच्या दुकानात लग्नपत्रिका आणि बायोडेटा टाइप करत होते, आणि मला लेखिका व्हायचं होतं. अकरा आठवड्यांपूर्वी मी ब्लॉग सुरू केला होता. नाव 'काजं-बटणं'. पानाच्या तळाशी आकडा दाखवणारी एक चौकट होती. नवातले चार मी स्वतः, दोन हेमंत, एक पुण्याची आत्येबहीण. उरलेले दोन कोण ते ठाऊक नव्हतं. त्या दोघांवर माझा फार जीव होता.


वाचक : ७

हा आकडा एका जुन्या लेखाचा आहे. लेखाचं नाव 'दहा सुया'. तो इथेच वाचून घ्या, पुढे लागेल.

"हल्ली आई रोज सकाळी मला दहा सुया ओवून ठेवायला सांगते. पूर्वी सांगत नसे. कामावर जायच्या आधी मी तिच्या शेजारी बसते आणि एकेक सुई ओवून उशीवर टोचत जाते. पांढऱ्या दोऱ्याच्या चार, काळ्याच्या तीन, बाकी त्या दिवशीच्या कापडाप्रमाणे. मला वाटतं, सुया हे निमित्त आहे. मोठ्या झालेल्या मुलीबरोबर दहा मिनिटं बसायला आईला काहीतरी कारण हवं असतं."

मला हा लेख फार आवडला होता. सात जणांनी वाचला.


वाचक : ११

"काज कसं करायचं हे वाचायला इंटरनेटवर कोण येणार गं?" हेमंत म्हणाला. दुकानाचा मालक असूनही तो माझ्याच डब्यातलं खायचा. "ज्यांना काजं येतात त्यांच्याकडे नेट नाही. ज्यांच्याकडे नेट आहे ते चेन लावतात."

"मग काय लिहू? राजकारण?"

"अगं, घरात ऊर्मी कारखानीसचा ब्लाऊज पडलाय, आणि तू अस्तरावर निबंध लिहितेस!"

"आईला नाही आवडायचं."

"काकू ब्लॉग वाचतात?"

आई वाचत नव्हती. तिला तो प्रकारच नीट कळला नव्हता. मी कॉम्प्युटरवर डायरी लिहिते एवढंच तिला माहीत होतं, आणि दुसऱ्याची डायरी उघडायची नसते म्हणून तिने कधी विचारलंही नव्हतं.

मी लेख लिहिला. उसवण्यावर लिहिला. टाका कापताना कापड दुखावू नये म्हणून आई ब्लेड कसं तिरकं धरते, उसवलेल्या शिवणीच्या जागी कापडाचा मूळ रंग कसा दिसतो, असं सगळं. चांगला होता. मथळा तेवढा हेमंतने दिला : 'ऊर्मी कारखानीसचा तिसऱ्यांदा उसवलेला ब्लाऊज'.

(हे खोटं आहे. बरीच वर्षं मी असंच सांगत आले. परिच्छेद पुन्हा लिहिते.)

मी लेख लिहिला. मथळा माझा होता. आधीचा मथळा होता 'उसवणं'. दुसरा टाकला, तेव्हा हेमंत समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला होता.


वाचक : ६,८४०

दोन दिवसांत एवढे. मी चौकटीकडे बघत बसले. पत्रिकेत वराच्या वडिलांचं नाव दोनदा टाइप झालं.

लेखाखाली प्रतिक्रिया आल्या होत्या. अकरा आठवड्यांत मिळून तीन आल्या होत्या, आता एकशे नव्वद.

"गोड बातमी???"

"कितवा महिना?"

"महिन्यात तीनदा ब्लाऊज सैल करावा लागतो म्हणजे समजायचं ते समजा."

"उसवण्याचं पुराण पुरे. फोटो टाका."

"हिचं लग्न कधी झालं?"

मला खरोखर धक्का बसला. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. (थोडं होतं.)

संध्याकाळपर्यंत मुंबईच्या कुठल्याशा सिनेबातम्यांच्या साइटने माझी तीन वाक्यं उचलली आणि वर 'शिंपिणीच्या मुलीचा गौप्यस्फोट' असं छापलं. माझं नाव नव्हतं, ब्लॉगचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी मी घाईघाईने नवा लेख टाकला. अस्तरावर. मला वाटलं, एवढी माणसं अंगणात आलीच आहेत तर घरातही येतील. अस्तरावरचा लेख चौदा जणांनी उघडला. खाली एकच प्रतिक्रिया होती : "बाळाचं काय झालं ते सांगा."

इतकी चिडले मी! सहा हजार माणसं दारातून डोकावून, कुणी मेलंय का बघून निघून गेली होती. कपाळावर हात मारला, आणि मग तिसरा लेख लिहायला बसले. तो असा :

"मी आईला विचारलं, ऊर्मीचं माप का बदलतंय? आईने काही उत्तर दिलं नाही. टाचणी ओठांत धरली. आई कधीही कुणाचं माप सांगत नाही."

संपला. तीन ओळी. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हे मी हेमंतला तीनदा सांगितलं.

"मी कुठे काय म्हणतोय?" हेमंत म्हणाला. तो माझ्याकडे बघत मात्र नव्हता.


वाचक : ६१,२०७

चौथ्या दिवशी दिलीपदादा आले. हातात कापडाची पिशवी नव्हती. मशीनला वळसा घालून आत आले आणि उभेच राहिले.

"काकू, ऊर्मीचे जेवढे ब्लाऊज असतील तेवढे द्या. शिवलेले, न शिवलेले, सगळे."

"अहो, बसा तरी. झालं काय?"

"काय झालं? चॅनेलचा फोन, तिच्या वडिलांचा फोन, पेपरवाल्यांचे फोन. काल दोन कॅमेरेवाले बंगल्याच्या कंपाउंडवर चढले होते. पोरगी बिनलग्नाची आहे, काकू! तिकडे तिची भूमिका गुंडाळायची बोलणी चाललीत. आणि हे बाहेर गेलं कुठून, तर तुमच्या घरातून."

"माझ्या घरातून?" आई हसलीच. "माझ्या घरातून आजवर कुणाचं इंचभर माप बाहेर गेलेलं नाही. विचारा आळीत कुणालाही."

"आळीत कशाला? तुमच्या सुवर्णाला विचारा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बटणांचा डबा उगीचच बंद केला.

दिलीपदादा गेल्यावर ती म्हणाली, "वाच."

"काय?"

"जे लिहिलंस ते. मोठ्याने."

मी हेमंतकडून छापील पानं आणली आणि वाचली. पहिला लेख, मग तीन ओळींचा. आई जमिनीकडे बघत ऐकत होती.

"टाचणी धरली तेही लिहिलंस," ती म्हणाली. एवढंच. मग उठून कूकर लावला.

मी दोन्ही लेख काढून टाकले. काही उपयोग झाला नाही. तोवर ते चाळीस ठिकाणी पोचले होते, आणि 'लेख का काढला?' अशी नवी बातमी झाली. मी खुलासा लिहिला : माझा तसा अर्थ नव्हता, मला फक्त शिवणकामाबद्दल लिहायचं होतं. खाली लगेच प्रतिक्रिया : "दबाव आला वाटतं." "शिवणकामाबद्दल, हा हा हा." काढलं तरी तेच, ठेवलं तरी तेच, गप्प बसलं तरी तेच. एकेका माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण धरायला समोर कुणी नव्हतंच, नुसता आकडा होता.


वाचक : १

ती सातव्या दिवशी आली. भर दुपारी, दिलीपदादांच्या स्कूटरवर मागे बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून. आत आल्यावर ओढणी सोडली. टीव्हीवर दिसायची त्याच्या निम्मी वाटली मला. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काकू, टेप कुठाय?"

"बस आधी. पाणी घे."

"नको. टेप घ्या आणि माझं माप घ्या."

तिने हात दोन्ही बाजूंना पसरले आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. आईने गळ्यातला टेप काढला, तिच्याभोवती फिरवला, पुढे आणून चिमटीत धरला. धरून तशीच थांबली. टेप जरा वर केला. उंबऱ्याकडे, उजेडाकडे वळवला.

"सुवे," आई म्हणाली, "आकडा वाच."

मी तोवर आयुष्यात कुणाचा आकडा वाचला नव्हता. तिने वाचू दिला नव्हता.

मी वाचला. तिने किल्ली दिली, मी कपाटातून वही काढली, ऊर्मीचं पान उघडलं. आकडा काय होता ते इथे लिहिणार नाही. तो पहिल्या दिवशीचाच होता. कंबर तेवढी कमी झाली होती, चांगली इंचभर.

"म्हणजे मी वाढले नाहीये," ऊर्मी म्हणाली. हात अजून पसरलेलेच होते. "काकू, दर आठवड्याला ब्लाऊज अंगात जात नव्हता. सेटवर सगळे बघायचे. महिना झाला, मी भाताला हात लावला नाहीये. परवा शॉट देताना चक्कर येऊन पडले, तर तेही लोकांनी त्यातच धरलं."

आईने सवयीने उशीवरची टाचणी उचलली. ओठांपर्यंत नेली. मग परत टोचून ठेवली.

"गडद कापडावरची खडूची रेघ दिसत नाही मला," ती म्हणाली. "दिवाळीपासून. कापताना चालून जातं, हाताला सवय आहे. मशीनवर घेतलं की शिवण आत जाते. परत आला ब्लाऊज की मी उसवायची नि गप्प बसायची. तुझं माप बदललं असं तूच म्हणालीस दिलीपला. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही."

"मला माहितीये," ऊर्मी म्हणाली.

"काय माहितीये?"

"हिचा ब्लॉग वाचला मी. चिडूनच वाचायला बसले, म्हटलं बघू तरी कोण आहे ही. पहिल्यापासून सगळा वाचला. त्यात आहे ना, तुम्ही रोज दहा सुया ओवून घेता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला बसायला निमित्त हवं म्हणून नाही गं. त्यांना दिसत नाही म्हणून."

मी काय बोलायला हवं होतं ते आज मला पाठ आहे. त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, आणि त्याची लाज मला अजून पुरते : सगळा वाचला? मग कसा वाटला?

विचारलं नाही. एवढं तरी केलं.

"काकू, चॅनेलच्या लोकांना हे सांगाल?" ऊर्मीने विचारलं. "फोनवर सांगितलंत तरी चालेल."

"चॅनेलला कशाला?" आई म्हणाली. "सुवे, पेन घे. जिथे ते लिहिलंस तिथेच हे लिही."

"आई, अगं अख्खी वाई वाचेल. डॉक्टरकडे जाऊ, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, मग—"

"पेन घे म्हणते ना."

तिने सांगितलं, मी लिहिलं. ऊर्मी शेजारी उभी होती.

"मी इंदुमती खांडके. ऊर्मी कारखानीस यांचे ब्लाऊज मी शिवते. त्यांचं माप पहिल्या दिवसापासून तेच आहे. मला नीट दिसत नाही म्हणून शिवण चुकली आणि मी ते लपवलं. चूक शिवणारीची आहे, घालणारीची नाही."

"झालं?" मी विचारलं.

"झालं. तुझं काही घुसडू नकोस."


वाचक : ११२

साठ हजारांतले एकशे बारा. मी चार दिवस चौकटीवर डोळा ठेवून होते. मथळ्यात ऊर्मीचं पूर्ण नाव घातलं, तरी एकशे बारा. ज्या साइटने माझी तीन वाक्यं उचलली होती, तिला मी स्वतः पत्र लिहून हा लेख पाठवला. त्यांनी छापला नाही. आलेल्या प्रतिक्रिया तीनच.

"चॅनेलने लिहून घेतलेलं दिसतंय."

"आईला पुढे केलं, वा!"

"बाळाचं काय झालं?"

पाचव्या दिवशी आमच्या आळीतल्या पतंगेवहिनी आल्या. मुलीच्या साखरपुड्याचे चार ब्लाऊज आईकडे होते.

"इंदूकाकू, ते कापड... कापलं नसेल ना अजून?"

"नाही."

"मग द्या. नाही म्हणजे, जाऊबाई म्हणाल्या, साताऱ्याला एक आहे ओळखीची. तुम्हाला तरी कशाला त्रास?"

आईने कापड काढून दिलं. त्याला लावलेली नावाची चिठ्ठी टाचणीसकट सोडवून घेतली. संध्याकाळी शाळेतल्या दोघी बाई आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी. कुणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी डोळ्यांची चौकशी केली, एकीने गाजरं आणून दिली. प्रत्येकीने जाताना मशीनला वळसा घातला आणि काखेतलं कापड सांभाळलं. आठवडाभरात मांडणी रिकामी झाली. आईच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा उरला.

"किती जणांनी वाचलं म्हणालीस?" तिने विचारलं.

"एकशे बारा."

"आपल्या आळीत तेवढीच माणसं आहेत," आई म्हणाली आणि चिठ्ठ्या चुलीतल्या लाकडांखाली सारल्या. त्यावरच पाणी तापवलं.


वाचक : ०

मालिकेत ऊर्मी जी सून होती, तिला दोन महिन्यांनी परदेशी पाठवलं. ऊर्मी पुन्हा त्या वेळेला दिसली नाही. आईची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दिसायला लागलं, पण साताऱ्याला गेलेलं कापड परत आलं नाही. मी पत्रिका टाइप करत राहिले. नंतर पुस्तकं लिहिली, दोन. त्यांचे वाचक किती, ते प्रकाशक सांगत नाही आणि मी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात ब्लॉग कायमचा बंद करायचा म्हणून उघडला. अजूनही दिवसाला दोन-तीन माणसं येतात. काय शोधत आली ते तिथे दिसतं : 'ऊर्मी कारखानीस बाळ'. तेरा वर्षांचं झालं असतं ते आता.

पुसता पुसता 'दहा सुया'वर आले. त्याखाली एक प्रतिक्रिया होती. ह्या लेखाखाली कधी कुणी लिहिलंच नव्हतं, म्हणून मी तिथे कधी पाहिलंही नव्हतं. तारीख ऊर्मी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. नाव नव्हतं.

"काल भात खाल्ला. दोनदा घेतला. काकूंना सांगशील."

मी कॉम्प्युटर उचलून बाहेरच्या खोलीत नेला. आई खिडकीत बसली होती. मशीन पुन्हा तिथेच गेलंय. चष्मा डोक्यावर सरकवून, सुई उजेडात धरून ती स्वतःच ओवत होती. मी वाचून दाखवलं. तारीखही सांगितली.

दोरा आरपार गेल्यावर तिने तो ओढून घेतला, गाठ मारली.

"मग आता माप बदललं असेल तिचं," ती म्हणाली.